बटाट्याच्या पोटातला खिमा

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना 'अळू' हा शब्द आला की वर्गात गोंधळ ठरलेला. घरी आलू म्हणजे बटाटा, आणि पुस्तकात मात्र अळूची पानं, अळूवड्या. 'टीचर, आलू के पत्तों की वडी?' असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. अशा वेळी मी धडा बाजूला ठेवते आणि फळ्यावर दोन शब्द लिहिते, रताळू आणि जर्दाळू. दोन्हींच्या शेवटी 'आळू', पण दोघांचं खानदान वेगळं. संस्कृतात खाण्याजोग्या कंदाला आलु, आलुक म्हणत. त्यातून आपलं अळू आलं, तांबड्या कंदाचं रताळू आलं आणि उत्तरेत आलू आलं. जर्दाळूतलं आलू फारसी आहे, त्याचा अर्थ प्लमचं फळ. जर्द म्हणजे पिवळं, म्हणून जर्दालू. बुखाऱ्याचं ते आलूबुखारा. आपल्यातले कित्येक शिकलेसवरलेले लोकही बटाट्याचा आलू फारसीतून आला असं ठोकून देतात. फारसीत बटाट्याला सेब-ए-जमीनी, म्हणजे जमिनीतलं सफरचंद म्हणतात. हे ऐकलं की मुलं खूश होतात.

बटाटा हा शब्द तर त्याहून लांबचा. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक रताळ्याला बटाटा म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी शब्द उचलला आणि पेरूच्या डोंगरातल्या दुसऱ्याच एका कंदाला चिकटवला. त्या कंदाचं तिथलं खरं नाव होतं पापा. पोर्तुगीज हा शब्द घेऊन पश्चिम किनाऱ्यावर आले, म्हणून गोवा, कोकण, महाराष्ट्र, गुजरात या पट्ट्यात बटाटा आणि उत्तरेत आलू. मला वाटतं, आपल्याकडे अळू हे नाव आधीच पानांनी अडवून ठेवलं होतं, त्यामुळे नव्या पाहुण्याला परदेशी नावानंच बसवून घ्यावं लागलं. आखातात नोकरीला गेलेली कोकणातली मुलं सांगतात की तिकडे दुकानात बटाटा म्हटलं तरी समजतं. समजणारच. अरबीतही तो बताता, बतातिस आहे.

हे सगळं आठवायचं कारण थंडी. थंडीत आमच्या घरी दोन गोष्टी व्हायच्याच. एक आलू का भरता. चुलीच्या राखेत किंवा हल्ली गॅसवर भाजलेला बटाटा, कच्चा कांदा, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. सोबत ज्वारीची गरम भाकरी. दुसरी गोष्ट खिम्याचे पॅटिस: कुस्करलेल्या बटाट्याच्या पारीत कोरडा खिमा भरायचा, वर बेकरीतल्या टोस्टचा चुरा लावायचा आणि तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजायचं. ख्रिस्ती घरांत यालाच पोटॅटो चॉप म्हणतात. इराणी हॉटेलात मिळणारं खिमा पॅटिस बहुतेकदा मैद्याच्या पापुद्र्यांचं असतं, ते वेगळं. १९९८ ते २००० च्या सुमारास रमजान डिसेंबरात येत असे. मी तेव्हा शिकत होते. दिवस छोटा, इफ्तारीला बाहेर अंधार आणि गारठा, आणि दस्तरख्वानावर वाफाळते पॅटिस. एप्रिल-मेच्या रमजानमध्ये त्यांची ती मजा नाही, तेव्हा कलिंगडच बरं वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्टाफरूममध्ये मी डब्यात हे पॅटिस नेले होते. एका सहकाऱ्यांनी न खाता, हसत म्हटलं, 'हे तुमचं मुघलाई आम्हाला झेपत नाही.' मांसाहार नको असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'मुघलाई' हा शब्द डोक्यात राहिला. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापांसकट यादी आहे. तांदूळ किती, तूप किती, केशर किती, सगळं. त्यात बटाटा नाही आणि मिरचीही नाही. अकबरानं आयुष्यात आलू का भरता खाल्ला नाही, बिचारा. सतराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात पोटॅटो हा शब्द भेटतो, पण त्या काळी रताळ्यालाही तेच म्हणत. औरंगजेबाच्या पदरात वांगी, भोपळा, पालक जरूर घाला; बटाटा घालू नका.

बटाटा आपल्या ताटात खऱ्या अर्थानं शिरला तो कंपनी सरकारच्या काळात. गोऱ्यांना त्याच्यावाचून जेवण गेल्यासारखं वाटत नसे. १८२० मध्ये कलकत्त्यात विल्यम केरी यांच्या पुढाकारानं शेती-बागायतीची सोसायटी निघाली. तिच्यासारख्या मंडळांनी युरोपातल्या भाज्यांचं बी वाटलं. मसुरीला आयरिश अधिकारी फ्रेडरिक यंगनं डोंगरावर बटाटा लावला. आपल्याकडे महाबळेश्वर. गव्हर्नर जॉन माल्कमनं १८२८ च्या सुमारास तिथे गोऱ्यांचं थंड हवेचं ठाणं, माल्कम पेठ, वसवलं आणि पुढच्या दशकात तिथे चिनी कैद्यांचा तुरुंग झाला. या कैद्यांनी वेताच्या टोपल्या विणल्या, भाजीचे मळे केले, बटाटा पिकवला. तो पुण्या-मुंबईच्या साहेबांच्या टेबलावर जाई. पेरूचं बियाणं, पोर्तुगीज नाव, इंग्रज गिऱ्हाईक, चिनी हात आणि सह्याद्रीची माती! माझ्या सहकाऱ्यांच्या 'तुमचं'मध्ये यातलं नेमकं कोण बसतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता चॉप. इंग्रजीत चॉप म्हणजे हाडासकट कापलेला मांसाचा तुकडा. साहेबाच्या घरी रविवारी मोठा रोस्ट होई, दुसऱ्या दिवशी थंड मांस उरे. विलायतेत ते बारीक करून भांड्यात घालत, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देत आणि भट्टीत ठेवत. कॉटेज पाय, शेफर्ड्स पाय ते हेच. इथल्या बावर्चीखान्यात भट्टी नसे, असली तरी कामाची नसे. खानसामे कलकत्त्याकडे बरेचसे मुसलमान, मुंबईकडे गोव्याचे ख्रिस्ती. कबाब थापणाऱ्याच्या हाताला पारी करणं, आत सारण भरणं सवयीचं. त्यानं थर मोडला आणि बटाटा खिम्याभोवती गुंडाळला. आत पुदिना, हिरवी मिरची, आलं, गरम मसाला गेला. हाड उरलं नाही तरी नाव चॉपच राहिलं. बंगालात तर पुढे या शब्दानं कमाल केली. केळफुलाचा चॉप, बिटाचा चॉप, नुसत्या बटाट्याचा आलूर चॉप. आपला बटाटेवडा याचा उलटा भाऊ म्हणावा, बटाटा आत आणि पारी बेसनाची.

कलकत्त्याचं नाव निघालं की बिर्याणीतल्या बटाट्याचा किस्सा येतोच. वाजिद अली शाहचं अवध १८५६ मध्ये कंपनीनं गिळलं, नवाब मटियाबुर्जला येऊन राहिले. पुढे हात आखडला म्हणून गोश्तऐवजी बटाटा घातला, असं सांगतात. मला हे पटत नाही. नवाबांना वर्षाला बारा लाखांचं पेन्शन होतं. त्यातून ते कबुतरं, वाघ, साप पाळत होते, प्राणिसंग्रहालयच होतं म्हणा ना. असा माणूस मटणात काटकसर करेल? बटाटा तेव्हा गरिबाचा नव्हताच. नवा होता, साहेबी होता, म्हणून शौकानं घातला असणार. 'गरिबीमुळे' ही गोष्ट आपल्याला आवडते कारण आज बटाटा स्वस्त आहे. आजचा भाव कालच्या इतिहासात घालायची ही सवय मुलांच्या उत्तरपत्रिकेतही दिसते.

पण चॉपचा सगळ्यात सुंदर प्रवास कलकत्त्यात थांबत नाही, तो बगदादला जातो. इराकमध्ये घरोघरी होणारा एक पदार्थ आहे, बुतेता चाप. कुस्करलेला बटाटा, आत कांद्या-अजमोदासोबत परतलेला खिमा, काळी मिरी, चपटी टिक्की, तळायची. रमजानात तर हमखास. प्रमाण अरबीत च हा उच्चार नाही, पण इराकी बोलीत आहे, आणि तो लिहायला तिकडचे लोक आपल्या उर्दूसारखं तीन नुक्त्यांचं चे वापरतात. नाव वाचलं तरी वाट दिसते: पोटॅटो चॉप. कोणी म्हणेल, इराकात तांदळाच्या, दलियाच्या पारीत खिमा भरून कुब्बा करण्याची जुनी रीत आहे, त्यातूनच हे निघालं. हाताची सवय तिथूनची, कबूल. पण मग नावात कुब्बा असता. चाप कुठून आला?

तो न्यायला माणसं होती. बगदादचे ज्यू व्यापारी. डेव्हिड ससून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला बगदादकडून बुशहरमार्गे मुंबईला आले. मायबोली अरबी, अंगात बगदादी झगा. पुण्याचं लाल देऊळ त्यांनीच बांधायला घेतलं. १८६४ मध्ये ते पुण्यात वारले आणि त्याच आवारात त्यांची कबर आहे. ससून हॉस्पिटलमध्ये गेलेल्या किती जणांना हे नाव बगदादचं आहे हे ठाऊक असेल! मुंबई, पुणे, कलकत्ता आणि बसरा, बगदाद यांच्यामध्ये या घराण्यांची, त्यांच्या मुनिमांची, सुनांची, आचाऱ्यांची सारखी ये-जा असे. त्यांच्या कलकत्त्याच्या घरांत सणाला आलू मकल्ला होतो. सोललेले अख्खे बटाटे तेलात मंद तळतात, बाहेरून कडक आणि आतून लोण्यासारखे मऊ. आलू हिंदुस्थानी, मकल्ला अरबी, अर्थ तळलेला. उलट दिशेनं बगदादला काय गेलं? आंबा. मेथी-हळद घातलेलं कैरीचं पिवळं लोणचं इराकमध्ये आजही 'अंबा' म्हणून खातात. १९५०-५१ मध्ये इराकच्या ज्यूंना देश सोडावा लागला, तेव्हा ते अंबा इस्रायलला घेऊन गेले. अरबाच्या ताटात आणि यहुद्याच्या ताटात मराठी शब्द बसला आहे, तोही न बदलता.

दुसरी वाट पलटणींची. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज बसऱ्याला उतरली, तिच्यात सहावी पूना डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ ही फौज कुत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस नाकारलं, आणि ताजी भाजी नसल्यामुळे त्यांच्यात हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही पसरला. साधा उकडलेला बटाटा रोज मिळता तरी तो टळला असता, त्यात क जीवनसत्त्व असतं. २९ एप्रिलला शरणागती झाली आणि कैदेच्या वाटेवर हजारो मेले. त्यात साताऱ्या-रत्नागिरीकडचे होते. समोर खलिफाची फौज होती, तेव्हा आमच्या मुसलमान शिपायांच्या मनात काय चाललं असेल, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुढच्या मार्चमध्ये इंग्रजांनी बगदाद घेतलं आणि नंतरची कित्येक वर्षं तिथल्या छावण्यांमध्ये हिंदी आचारी, खानसामे, कारकून हजारोंनी राहिले. साहेबाच्या मेसमध्ये चॉप होणारच. शेजारच्या इराकी घराला तो आपल्या कुब्ब्याचा भाऊबंद वाटला, त्यानं उचलला.

उपवासाचं ताट पाहा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद. सगळे पाच जण अमेरिका खंडातून आलेले. माझ्या मैत्रिणीच्या घरची आषाढी एकादशीची बटाट्याची भाजी, जिरं आणि दाण्याचा कूट घातलेली, मी आवडीनं खाते. मी तिला ही यादी सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'विठ्ठलाला चालतंय ना, मग झालं.'

पॅटिसबद्दल एक कामाची गोष्ट सांगायची राहिली. पुणे जिल्ह्याच्या सातगाव पठारासारखे पावसाळी बटाट्याचे भाग सोडले तर आपल्या देशात बटाटा मुख्यतः थंडीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, जानेवारीपासून काढतात. म्हणजे ऐन थंडीत बाजारात नवा बटाटा येतो, पातळ सालीचा, नखानं सोलला जाणारा. दिसायला देखणा, पण पारीसाठी निकामी. त्यात पाणी जास्त, स्टार्च कमी, कुस्करला की चिकट होतो आणि तव्यावर पॅटिस फुटतं. तो रश्श्यात घाला. फार थंड कोठारात राहिलेलाही नको, थंडीनं स्टार्चची साखर होते, पॅटिस गोडसर लागतं आणि आतपर्यंत शेकण्याआधीच काळं पडतं. जाड सालीचा, न चमकणारा जुना बटाटा मागा. सालासकट उकडा, निथळा, गरम असतानाच कुस्करा, आणि पसरून पूर्ण गार होऊ द्या. खिमा पाण्याचा थेंब न घालता परता. तळहाताला तेल लावा, पारी कडेला पातळ ठेवा. आमचा भाजीवाला आता मला पाहिलं की विचारतो, 'भाभी, रस्सा का पॅटिस?' आणि त्याप्रमाणे पोत्यात हात घालतो.