अण्णाकाकांची पांढरी कड

परवा कपाट आवरताना अण्णाकाकांची एमआरआयची फिल्म सापडली. घरच्यांना आठवत असेलच, अ‍ॅटॅकनंतर बायपास करायची की नाही यावर आपल्याकडे केवढी वादावादी झाली होती. "आधी स्नायू जिवंत आहे का ते बघू," डॉक्टर म्हणाले होते. फिल्मवर काळ्या कड्याला आतून एक पांढरीशुभ्र किनार. मी मनात म्हटलं, चला, तेवढं तरी चांगलं दिसतंय! नेमकं उलटं होतं. तेवढाच भाग मेलेला होता.

हृदयाचा जो भाग हलत नाही तो कायमचा गेला, असं डॉक्टरमंडळी बरीच वर्षं धरून चालत. रक्त कमी पडलं की स्नायू काम थांबवून नुसता तग धरून राहू शकतो, हा विचार शहाबुद्दीन रहीमतुला यांनी १९८०च्या दशकात रूढ केला. रक्त मिळालं की तो पुन्हा हलतो. थंडीत झोपणाऱ्या अस्वलासारखं. पण झोपलेला कुठला आणि मेलेला कुठला? हलत तर दोघंही नाहीत! थॅलियमचे स्कॅन होते, पण त्यांचं चित्र ढोबळ.

उत्तर आलं शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून. रेमंड किम, रॉबर्ट जड आणि त्यांचे सहकारी. गॅडोलिनियमचं इंजेक्शन १९८८ पासून वापरात होतंच. ते शाबूत पेशीत शिरत नाही. पेशी फुटल्या किंवा तिथे व्रण झाला, की मधल्या मोकळ्या जागेत साचतं आणि लवकर हटत नाही. म्हणून इंजेक्शन देऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि निरोगी स्नायू काळा येईल असा क्षण गाठून चित्र घ्यायचं. (ही थांबण्याची युक्ती मला फारच आवडली.)

नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अभ्यास छापला. नीट न हलणाऱ्या, पण अजिबात न चमकणाऱ्या ३२९ भागांपैकी २५६ रक्तपुरवठा सुधारल्यावर सुधारले. तीन चतुर्थांशाहून जास्त जाडी चमकणाऱ्या ५८ भागांपैकी फक्त एक! मधल्यांचं मात्र सांगता येत नव्हतं.

काका त्या मधल्यांतले. कड जवळजवळ अर्ध्या जाडीची. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि निर्णय आपल्यावर सोडला. काकू एवढंच म्हणाल्या, "अर्धा आहे ना अजून? मग करा."

त्यानंतर नऊ वर्षं काका रोज चालत मंडईत जायचे, आणि परत आल्यावर भाज्यांचे भाव सगळ्यांना ऐकवायचे.