शरदांतील पाटी आणि विळा

पावसाळा सरून आश्विनाचें स्वच्छ ऊन पडूं लागलें म्हणजे मराठी प्राथमिक शाळेच्या वर्गाला एक निराळीच कळा येते. जूनमध्यें बावरलेलीं मुलें आतां बाकांवर रुळलेलीं असतात. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे सणांची रांग उभी असते. सूर्य हस्त नक्षत्रांत गेला कीं मुलींचा भोंडला, नवरात्राच्या शेवटीं पाटीपूजन, दसऱ्याला आपट्याचें सोनें, कोजागिरीला दूध, मग दिवाळीची सुट्टी आणि अंगणांतील मातीचा किल्ला. सुशिक्षित कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ही यादी मुद्दाम सांगावयास नको. ती त्यांच्या स्मरणांतच आहे. परंतु ती ज्यांच्या स्मरणांत आहे ते बहुतेक सारे समाजाच्या एका विशिष्ट थरांतील असतात, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. त्याच आश्विनांत, त्याच जिल्ह्यांत, कित्येक मुलांची शाळा सुट्टीवांचूनच सुटत असे. कारण घरीं भाताची कापणी उभी राहिलेली असे. शाळेचा शरद आणि शेताचा शरद यांचा मेळ आपल्याकडे कितपत घातला गेला, हा प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासांतील महत्त्वाचा प्रश्न असून त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम पाटीपूजनाकडे पाहूं. पाटीवर काढावयाची सरस्वती ही वीणाधारिणी मूर्ति नव्हे. एकाचा आंकडा पुनःपुन्हां काढून व त्याच्या रेघा एकमेकींस जोडून बनलेली ती एक भूमितीची आकृति आहे. ज्यास चित्र येत नाहीं त्या मुलासही ती काढतां येते, आणि जें तो नुकतेंच शिकला त्या अंकाचीच देवता झालेली त्याला दिसते. बालमनाला विद्येचा आदर शिकविण्याची याहून साधी युक्ति सांपडणें कठीण. परंतु हा सण कोणाचा होता हें समजण्यास जुन्या पंतोजींच्या शाळेंत डोकावलें पाहिजे. १८२० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारनें आपल्या अधिकाऱ्यांकडून देशी शाळांची माहिती मागविली. त्या दशकाच्या अखेरीस सबंध इलाख्यांत सुमारें १,७०० शाळा व सुमारें ३५,००० विद्यार्थी असल्याचें दिसून आलें. रा. वि. परुळेकर यांनीं हीं कागदपत्रें संपादून १९५१ सालीं प्रसिद्ध केलीं, त्यामुळें तीं आज अभ्यासकांस सहज पाहतां येतात. या शाळांत धुळपाटीवर अक्षरें गिरवीत, पावकी-निमकी घोकीत, मोडी वाचीत व हिशेब शिकत. लेखणी व वही यांवर ज्यांचें पोट अवलंबून असे त्या घरांतील मुलेंच त्यांत मुख्यतः दिसत. अशा घरांत दसऱ्याला पाटी पूजेस लागणें स्वाभाविकच होतें, कारण पाटी हें त्यांचें अवजार होतें.

आतां त्याच दिवशीं शेतकऱ्याच्या घरीं काय चाले तें पाहूं. तेथें नांगर, कोयता व विळा हीं पूजेस लागत. मुंबईहून कल्याणकडे व तेथून पुढें अंबरनाथ-बदलापुराकडे जाणारा उल्हास नदीचा प्रदेश पूर्वीपासून भाताचा. जांभूळ हें गांव याच टापूंतलें. जांभळें पिकतात तीं मृगाच्या सुमारास, म्हणजे शाळा उघडतात तेव्हां. पण या गांवांचें खरें वर्ष ठरे तें भातावरून. भाताच्या तीन जाती शेतकरी मानतो: हळवें, निमगरवें आणि गरवें. हळवें लवकर पिकतें व दसऱ्याच्या आसपास कापणीस येतें, निमगरवें त्याच्या मागून, आणि गरवें दिवाळी उलटून गेल्यावर. म्हणजे कापणी, भारे वाहणें, झोडणी व खळ्याची राखण हें काम आश्विनाच्या आरंभापासून कार्तिकाच्या अखेरीपर्यंत पसरलेलें असतें. कोंकणांत दसऱ्याच्या तोरणांत झेंडू व आंब्याच्या पानांबरोबर भाताची नवी लोंबीही बांधतात, आणि आश्विनी पौर्णिमेस नव्याची पुनव मानतात, याचें मूळ येथेंच आहे. शेतकऱ्याच्या मुलालाही शरदांत उत्सव होता. मात्र त्याचा उत्सव त्याच्या कामाच्या मधोमध येई.

या दिवसांत त्या मुलाला घरीं थोडें का काम असे? पिकावरचीं पांखरें हांकावयाचीं, गुरें उभ्या पिकांत शिरूं नयेत म्हणून तीं माळावर न्यावयाचीं, बांधावर भाकरी पोंचवावयाची. आई कापणीस गेली म्हणजे धाकट्या भावंडास सांभाळण्याचें काम थोरल्या मुलीकडे येई, आणि तिची शाळा सर्वांत आधीं सुटे. भोंडल्याचीं गाणीं पाहिलीं तर त्यांत सासर-माहेरच्याच गोष्टी भरलेल्या आहेत. पाटावर हत्ती मांडून त्याभोंवतीं फेर धरणाऱ्या या मुली पूर्वीं वयानें किती लहान असत हें त्यांवरून ताडतां येतें. मुलीच्या लग्नाची किमान मर्यादा १४ वर्षें ठरविणारा शारदा कायदा १९२९ सालीं झाला. त्याच्या आधीं शाळेच्या वयांतच पुष्कळींचे फेर सासरच्या अंगणांत पडत. शाळेंतील भोंडला आज निव्वळ आनंदाचा झाला आहे, हीही इतिहासाची एक कमाईच म्हटली पाहिजे.

हा सर्व प्रकार सरकारपुढें स्पष्ट शब्दांत मांडण्याचें श्रेय जोतीराव फुले यांस दिलें पाहिजे. १८८२ सालीं हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं आयोग नेमला गेला. त्याला जोतीरावांनीं पुण्याहून जें निवेदन सादर केलें त्याची तारीख १९ ऑक्टोबर १८८२ अशी आहे, म्हणजे मावळांत व कोंकणांत भात कापणीस आलेलें असतें तेच दिवस. रयतेच्या करांतून उभा राहणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची मुख्य तक्रार. पण त्याचबरोबर त्यांनीं हेंही सांगितलें कीं कुणब्याचें पोर शाळेंत येत नाहीं याचें मोठें कारण दारिद्र्य आहे. गुरें राखावयास व शेत पाहावयास आईबापांस तें हवें असतें. म्हणून कांहीं वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, गरिबांच्या मुलांस शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्यावींत आणि अभ्यासक्रमांत शेतीचें प्राथमिक ज्ञान असावें, असें त्यांनीं सुचविलें. मुलाचा आळस किंवा बापाचें अज्ञान यांवर दोष ढकलून मोकळें होणें त्या काळीं सोपें होतें. जोतीरावांनीं मुलाच्या हातांतील काठी दाखवून प्रश्न शेताच्या बांधावर नेला.

आयोगानेंही एका बाबतींत शहाणपण दाखविलें. शाळेच्या वेळा व सुट्टीचे हंगाम यांविषयीं, विशेषतः शेतीच्या गांवांत व मागासलेल्या भागांत, शक्य तितकी लवचिकता ठेवावी, अशी त्याची स्पष्ट शिफारस आहे. ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियरही त्याच १८८२ सालीं प्रसिद्ध झालें. जिल्ह्याचें मुख्य पीक भात, हें त्यावरून कोणत्याही अधिकाऱ्यास समजण्यासारखें होतें. तरीही ती शिफारस पुष्कळ अंशीं कागदावरच राहिली. सुट्टी पडे ती दिवाळीला. दिवाळी हा सर्वांचा सण खरा. पण हळवें भात त्या सुट्टीच्या आधीं कापलें जातें व गरवें तिच्यानंतर. शेताला तीन हंगाम आणि शाळेला एकच सुट्टी, हा हिशेब जुळणार कसा? सुट्टी संपली तेव्हां वर्ग भरला, पण बांधावरचें मूल बांधावरच राहिलें.

पुढें सक्तीचे कायदे आले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्यें तो सर्व राज्यास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ मध्यें मध्यवर्ती विधिमंडळांत विधेयक आणलें. तें पुढल्या वर्षीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मुंबई इलाख्यांत १९१८ व १९२३ सालीं कायदे झाले, आणि १९४७ मध्यें व्यापक असा प्राथमिक शिक्षण कायदा आला. या प्रयत्नांचें मोल कमी लेखण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. त्यांवांचून आजची स्थिति आलीच नसती. पण सक्तीचा कायदा अखेरीस दंडावर उभा राहतो, आणि कापणीच्या दिवसांत मजुरी बुडविणें ज्यास परवडत नाहीं त्यास दंड तरी कोठून परवडणार? कायद्यानें मुलाचें नांव पटावर आलें. तें मूल आश्विनांत वर्गांत बसण्यास आणखी कांहीं हवें होतें.

तें काय हवें होतें हें दाखवून दिलें दोन स्त्रियांनीं. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांजबरोबर भावनगर येथें बालशिक्षणाचें काम केलें होतें. १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शहरांतील सुखवस्तु मुलांपुरतें हें शास्त्र राहूं नये म्हणून १९४५ सालीं त्या त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें आल्या. अनुताई वाघ त्यांस तेथेंच येऊन मिळाल्या, व १९५७ मध्यें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. बोर्डी व कोसबाड हीं गांवें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. वारली मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या बाईंनीं मुलांस दोष न देतां तीं कोठें आहेत हें पाहिलें. तीं अंगणांत होतीं, म्हणून बालवाडी अंगणांत भरली. तीं गुरांमागें माळावर होतीं, म्हणून शाळाच माळावर गेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सोडून येऊं शकत नव्हती, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी झाली. भावंड पाळण्यांत आणि ताई वर्गांत. शिकविण्याचें साहित्यही शंख-शिंपले, बिया, पानें व गवत यांचें केलें. हंटर आयोगानें ज्या लवचिकतेची शिफारस केली होती तिचा खरा अर्थ सुमारें साठ-सत्तर वर्षांनीं या टेकडीवर उलगडला.

मग प्रश्न सुटला काय? नाहीं, त्यानें रूप बदललें. जांभूळचें नांव आज लोकांच्या कानीं पडतें तें औद्योगिक विकास महामंडळाच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळें. भोंवतीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं शहरें फोफावलीं आणि भाताचीं खाचरें आकसलीं. गुराखी मुलगा पूर्वीइतका दिसत नाहीं. परंतु ठाणें, पालघर व रायगड जिल्ह्यांतील कातकरी व इतर आदिवासी मजुरांचीं कुटुंबें दिवाळी आटोपली कीं वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडीं परततात, आणि मुलें अर्थातच बरोबर जातात. भट्टीजवळच्या झोपडीस भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत ठाणें जिल्ह्यांतील भट्ट्यांवर ज्या शाळा चालविल्या त्यांचें नांवच भोंगाशाळा. कुरणशाळेचीच ही धाकटी बहीण. आईबाप कामास गेले तरी मुलांस गांवींच राहतां यावें म्हणून सरकारी योजनेंतून हंगामी वसतिगृहेंही निघालीं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. आतां मुलाचा हक्क निर्विवाद आहे. पण हक्क गांवच्या शाळेंत आणि मूल भट्टीवर, अशी ताटातूट अजून पडते, आणि ती पडण्याचा ऋतु अजून शरदच आहे.

पाटीपूजनाच्या सुंदर चालीस यांतून कांहीं कमीपणा येतो असें नाहीं. ती राहावी, आणि आपल्या घरांतील मुलांनीं एकाच्या आंकड्यांची ती सरस्वती हौसेनें काढावी. मात्र त्याच दिवशीं दारावर बांधलेली भाताची लोंबी कोणी कापून आणली हें त्यांस सांगितलें जावें. वर्गांतल्या शिक्षकास तर याहून एक साधी गोष्ट करतां येते. शाळेचा शरद कसा गेला हें दसऱ्याच्या आराशीवरून किंवा किल्ल्यांच्या स्पर्धेवरून त्यानें ठरवूं नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशीं हजेरीपट पुढें घ्यावा, एकेक नांव मोठ्यानें वाचावें, आणि ज्या नांवाला उत्तर येणार नाहीं तें मूल कोठें गेलें याचा त्याच संध्याकाळीं तपास करावा.