चंद्रा प्रकरण

चंद्रा प्रकरण : पोषणशास्त्रातील बनावट संशोधनाचे गाजलेले उदाहरण. मूळचे भारतीय असलेले डॉ. रणजित कुमार चंद्रा कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात प्राध्यापक होते. आहार आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या संबंधावरील कामामुळे त्यांचा जगभर दबदबा होता. ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मानही त्यांना मिळाला होता.

पहिली तक्रार : ॲलर्जीचा धोका असलेल्या अर्भकांसाठी कोणती दूधपावडर चांगली, याच्या अभ्यासासाठी बाळे निवडण्याचे काम एका परिचारिकेकडे होते. पुरेशी बाळे मिळालेली नसतानाच निष्कर्ष छापून आले, तेव्हा तिने तक्रार केली. विद्यापीठाच्या चौकशी समितीने १९९५ मध्ये चंद्रा यांच्यावर ठपका ठेवला. मात्र कारवाई झाली नाही आणि अहवाल दडून राहिला.

दावे आणि पडताळणी : ‘लॅन्सेट’मधील १९९२ च्या लेखात चंद्रा यांनी ९६ वृद्धांवरील प्रयोग मांडला. जीवनसत्त्वे व खनिजांचे पूरक घेणाऱ्यांचे संसर्गाने आजारी असण्याचे दिवस वर्षाला सरासरी २३, तर न घेणाऱ्यांचे ४८, असा त्यांचा दावा होता. पुढे नेदरलँड्स (२००२) आणि स्कॉटलंड (२००५) येथे शेकडो वृद्धांवर झालेल्या चाचण्यांत असा लाभ दिसला नाही. दरम्यान, पूरकामुळे वृद्धांची स्मरणशक्ती सुधारते, असा त्यांचा लेख ‘न्यूट्रिशन’ नियतकालिकात २००१ मध्ये आला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो आधी नाकारला होता. त्यातील काही आकडे संख्याशास्त्राच्या दृष्टीने अशक्य असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. शिवाय या पूरकाचे पेटंट खुद्द चंद्रा यांच्याकडे होते आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता. ‘न्यूट्रिशन’ने २००५ मध्ये हा लेख मागे घेतला.

शेवट : चंद्रा २००२ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडले. कॅनडाच्या ‘सीबीसी’ वाहिनीने २००६ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. तिच्यावरील अब्रूनुकसानीचा दावा चंद्रा २०१५ मध्ये हरले. दडवलेला चौकशी अहवालही याच खटल्यात उजेडात आला. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांचा दूधपावडरीवरील १९८९ चा लेख मागे घेतला आणि त्यांचा सन्मानही रद्द झाला. ‘लॅन्सेट’ने २०१६ मध्ये १९९२ चा लेख मागे घेतला.

महत्त्व : आहाराचे प्रयोग खर्चिक आणि वेळखाऊ असतात, आणि माणसे काय खातात यावर पूर्ण लक्ष ठेवता येत नाही. त्यामुळे तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. निष्कर्ष वेगळा आला, तरी लोकांमधील किंवा मात्रेतील फरकाकडे बोट दाखवून मूळ लेखकाला निसटता येते. म्हणून पुनर्पडताळणीने फक्त संशय निर्माण होतो; लबाडी सिद्ध करायला मूळ नोंदी लागतात. एकाच गटाने केलेल्या छोट्या प्रयोगावर आहारसल्ला बेतू नये, हा या प्रकरणाचा धडा होय. ‘लॅन्सेट’मधील चुकीचा लेख मागे घेतला जाईपर्यंत २४ वर्षे वैद्यकीय साहित्यात टिकून होता.