हिरड्यांच्या दुरुस्तीसाठी रोग्याचंच रक्त

पायोरिया हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, हळूहळू दाताभोवतीचं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. जंतूंचा थर खरवडून काढला की झीज थांबवता येते. पण गेलेलं हाड परत कसं आणायचं? याचं एक उत्तर रोग्याच्याच रक्तात शोधलं गेलं. आज आपण तो इतिहास पाहणार आहोत.

रक्तातल्या प्लेटलेटमधून पेशींची वाढ घडवणारा घटक बाहेर पडतो, हे १९७४ मध्ये दिसून आलं. म्हणजे प्लेटलेट नुसतं रक्त थांबवत नाहीत, दुरुस्तीचा निरोपही देतात. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी जबड्यात हाडाचं कलम करताना रोग्याचाच प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, वापरला. नवं हाड लवकर आणि जास्त दाट तयार झाल्याचं त्यांनी नोंदवलं.

पण ही पद्धत किचकट होती. आधी रक्त गोठू नये म्हणून औषध घालायचं, मग तेच गोठवण्यासाठी गाईपासून काढलेलं थ्रॉम्बिन. या परक्या थ्रॉम्बिनविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन क्वचित रक्तस्रावाचा धोका असतो.

२००१ मध्ये फ्रान्सचे जोसेफ शुक्रून यांनी वेगळी वाट धरली: काहीच घालायचं नाही. नळीत रक्त घ्यायचं आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तळाशी तांबड्या पेशी, वर पातळ प्लाझ्मा आणि मधे फायब्रिनची लवचीक गुठळी. हेच पीआरएफ. गुठळी दाबली की पडदा होतो, तो हिरडीखाली ठेवता येतो. फक्त उशीर चालत नाही. रक्त फिरवण्याआधीच गोठलं, तर काम फसतं.

उपकरणं मोजकी, त्यामुळे भारतातही यावर बरंच काम झालं. बंगळुरूच्या सरकारी दंत महाविद्यालयातून २०११ मध्ये तुलनात्मक चाचण्या प्रसिद्ध झाल्या. नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा सोबत पीआरएफ वापरल्यावर हाडातले खड्डे जास्त भरले, असं त्यांत दिसलं.

मग प्रश्न सुटला का? नाही. हाडाच्या भिंती शिल्लक असलेल्या खड्ड्यात आशा जास्त. सगळीकडून सपाट झिजलेल्या हाडात कमी. शिवाय दातांवरचा थर आणि तंबाखू तशीच राहिली, तर ही गुठळी काय करणार? तेव्हा कुणी ही ट्रीटमेंट सुचवली, तर आपण दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: आधीची साफसफाई पूर्ण झाली का, आणि माझा खड्डा भरण्याजोगा आहे का?