वाटेवरचे पनवेल

गावाचा इतिहास म्हटला की राजे आणि लढाया शोधावयाच्या, ही आपली सवय पनवेलच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. कर्नाळा आणि प्रबळगड उशाशी असूनही या गावाने राजधानी होण्याची हौस कधी धरली नाही. पनवेलचा इतिहास हा वाटेचा इतिहास आहे.

मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य पूर्वी भरतीच्या पाण्यावर मचव्याने पनवेल बंदरास लागे आणि तेथून पालखीने, घोड्यावरून वा पायी खोपोलीकडे जाऊन बोरघाट चढे. १८०४ साली जनरल वेलस्लीने हा घाट तोफा चढवण्याजोगा केला. पुढे १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, तो गाड्यांच्या वाहतुकीस खुला झाला. कोकण आणि देश यांची गाठ आपल्या बाजारपेठेत पडू लागली. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. म्हणजे देशात पहिली उतारूंची आगगाडी धावण्याच्याही एक वर्ष आधी पनवेलकर आपल्या दिवाबत्तीचा विचार करू लागले होते!

पण त्याच आगगाडीने आपल्याला बाजूस टाकले. कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीस पोहोचला आणि १८६३ मध्ये घाटही चढला. बंदरावर उतरून पुण्यास जाण्याचे कारणच उरले नाही.

अशा वेळी गावे ओस पडतात. इटलीतील राव्हेन्नाचे उदाहरण प्रसिद्ध आहे: रोमन आरमाराचे ते ठाणे, पण बंदर गाळाने भरले, समुद्र दूर सरला आणि जुन्या वैभवाची मंदिरे तेवढी राहिली. पनवेलची खाडीही गाळाने भरत गेली. पण पनवेल जगले ते वैभवावर नव्हे, चाकावर. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरे सांगतात की येथला मुख्य धंदा गाडीची चाके करण्याचा, आणि पनवेलपासून घाटावर जाणाऱ्या सडकेवरील बहुतेक प्रत्येक शेतकरी आपल्या गाडीची चाके येथूनच नेई. तुंबा, आरे आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव! आगगाडी माणसे घेऊन गेली, परंतु शेतातून स्टेशनापर्यंत धान्य न्यावयास बैलगाडीच लागे, हे आमच्या सुतार-लोहारांनी ओळखले असावे. मला तर हा पनवेलच्या इतिहासातील सर्वांत अभिमानाचा भाग वाटतो. पुतळा मात्र त्याचा कोठे नाही.

वाटेवरच्या गावात माणसेही नाना तऱ्हेची येऊन राहतात. बेने इस्रायल मंडळींनी १८४९ मध्ये येथे आपले प्रार्थनामंदिर बांधले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे नव्या देशात गेली, पण इस्रायल तलाव हे नाव आपल्या तोंडी राहिले. राजापूरच्या धूतपापेश्वराचे नाव घेऊन पुराणिकांनी १८७२ साली आयुर्वेदीय औषधांचा कारखाना येथे काढला. जवळच्या शिरढोणला १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके मात्र घाट चढून गेले आणि त्यांचे बंड १८७९ साली देशावर पेटले.

वाटेचा लाभ गावाला झाला, हे खरे. परंतु वाट कोणाच्या शेतातून गेली, हेही विचारले पाहिजे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातशेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासईच्या परिसरात रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले.

२०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यातील विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे आपल्या जागेवरून उठली.