डेथली हॅलोज : अखेरीची उकल

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबरीमालेतील सातव्या आणि शेवटच्या पुस्तकाच्या, म्हणजे ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’च्या (२१ जुलै २००७) अखेरीस घडणाऱ्या आणि वाचकाला हमखास चकवणाऱ्या घटनांचा उलगडा. पुस्तकात ३६ प्रकरणे व एक उपसंहार आहे. डेव्हिड येट्स यांनी त्यावर दोन भागांत चित्रपट केला (२०१० व २०११). कथेतली शेवटची लढाई १९९८ सालच्या २ मे रोजी पहाटे संपते. त्या रात्री हॅरी आपणहून जंगलात मरणाच्या दारात जातो आणि परत येतो. उजाडता उजाडता शाळेच्या सभागृहात त्याचा शत्रू व्होल्डेमॉर्ट स्वतःच्याच शापाने मरतो. हॅरी का वाचला आणि व्होल्डेमॉर्ट का हरला, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही निराळी आहेत. जंगलात काम केले ते रक्ताने, सभागृहात छडीच्या मालकीने. रोलिंग यांनी दोन्ही धागे एकाच रात्रीत आणून सोडल्यामुळे ते एकमेकांत गुंततात. बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

जीव कुठे ठेवला होता. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस आपल्याकडच्या गोष्टींतून प्रत्येकाला माहीत असतो. व्होल्डेमॉर्टचे हॉरक्रक्स ही कल्पना त्याच जातीची. त्याने आत्म्याचे तुकडे करून ते रोजनिशी, अंगठी, लॉकेट, पेला, मुकुट आणि नागिनी ही सर्पीण यांत ठेवले. सातवा तुकडा त्याच्या नकळत, तान्ह्या हॅरीवर फेकलेला शाप उलटला तेव्हा, हॅरीतच अडकला. पण पोपटाच्या गोष्टीशी एक फरक आहे आणि तो ध्यानात धरला पाहिजे. पोपटाची मान मुरगळली की राक्षस तिथेच कोसळतो. हॉरक्रक्स नष्ट झाल्याने मात्र व्होल्डेमॉर्ट मरत नाही, तो फक्त मर्त्य होतो. त्याला मारणे वेगळे उरतेच. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याने नागिनीचे डोके उडवल्यावरही तो तितक्याच ताकदीने लढत राहतो, ते यामुळे.

दुसऱ्या पुस्तकात बॅसिलिस्कचा विषारी दात हॅरीच्या दंडात घुसला होता, मग त्याच्यातला तुकडा तेव्हाच का नष्ट झाला नाही, असा प्रश्न नेहमी येतो. हॉरक्रक्स ज्यात ठेवला ती वस्तू जादूनेही दुरुस्त होणार नाही इतकी मोडावी लागते, हे हर्मायनी सातव्या पुस्तकात सांगते. फॉक्स या फिनिक्सच्या अश्रूंनी हॅरी वेळेत बरा झाला; वस्तू मोडलीच नाही, म्हणून आतला तुकडाही राहिला.

जंगलात हॅरी का मेला नाही. इथे दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. व्होल्डेमॉर्टचा शाप लागला आणि हॅरीतला त्याचाच आत्म्याचा तुकडा मेला. आपलाच हॉरक्रक्स त्याने आपल्याच हाताने संपवला. पण तो शाप हॅरीलाही लागला होता. मग हॅरी कसा राहिला? याचे उत्तर तीन पुस्तके मागे, लिटल हँगल्टनच्या दफनभूमीत आहे. नवे शरीर धारण करण्यासाठी व्होल्डेमॉर्टला शत्रूचे रक्त हवे होते. शत्रू म्हणून कुणीही चालला असता, पण त्याने हॅरीचाच हट्ट धरला. लिलीने मुलासाठी जीव दिल्याने हॅरीच्या रक्तात जे संरक्षण होते, ते आपल्यालाही मिळावे हा त्याचा डाव होता. डाव साधला, आणि त्यातच तो फसला. लिलीचे संरक्षण आता त्याच्याही देहात वाहू लागले, आणि तो देह जिवंत असेपर्यंत हॅरीचा जगाशी असलेला धागा तुटणे शक्य नव्हते. चौथ्या पुस्तकात ही हकिगत ऐकताना शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक दिसते. बहुतेक वाचक ती ओळ वाचून पुढे निघून जातात. माझ्या मते सबंध मालिकेतली पेरणीची सर्वांत सुंदर जागा तीच आहे.

डंबलडोर यांनी हे व्होल्डेमॉर्टच्या गोटात राहून आपल्यासाठी काम करणाऱ्या स्नेपला सांगितले नाही, हॅरीलाही नाही. स्नेपच्या आठवणींत हॅरीला फक्त इतकेच कळते की त्याला मरायचे आहे आणि मारणारा व्होल्डेमॉर्टच असला पाहिजे. हे लपवणे निर्दय वाटते आणि ते निर्दय आहेच. पण वाचू शकू हे ठाऊक असताना पुढे केलेली मान हे बलिदान ठरले नसते. हॅरी खरोखर मरायला गेला, म्हणून लिलीच्या बलिदानाने एका मुलाभोवती जे कवच उभे केले, तसेच शाळेच्या किल्ल्यातल्या सगळ्यांभोवती उभे राहिले. शेवटच्या प्रकरणात गर्दीला गप्प करणारे व्होल्डेमॉर्टचे मंत्र टिकत नाहीत. जागच्या जागी जखडून टाकलेला, डोक्यावर जळती टोपी असलेला नेव्हिल स्वतःला सोडवून घेतो. हे प्रसंग घाईत वाचले तर निव्वळ योगायोग वाटतात. तसे ते नाहीत.

छडी कोणाची. शेवटच्या द्वंद्वात व्होल्डेमॉर्टच्या हातात असलेली एल्डरच्या लाकडाची छडी अजिंक्य नाही. तसे असते तर १९४५ मध्ये ती ग्रिंडेलवाल्डच्या हातात असताना डंबलडोर त्याला हरवूच शकले नसते. तिचे मूळ सांगणाऱ्या, पुस्तकातल्या तीन भावांच्या कथेतही छडी मिळवणाऱ्या थोरल्याचा गळा झोपेत चिरला जातो. ती छडी फार बलवान आहे, पण तिची निष्ठा जिंकणाऱ्याकडे जाते. आणि जिंकण्यासाठी मारावे लागत नाही. व्होल्डेमॉर्टला नेमके हेच कळले नाही.

मालकीचा प्रवास असा आहे. छड्या बनवणाऱ्या ग्रेगोरोविचकडून ती ग्रिंडेलवाल्डने चोरली, जाता जाता त्याला मंत्राने पाडून. ग्रिंडेलवाल्डकडून ती डंबलडोर यांनी द्वंद्वात जिंकली. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी खगोल-मनोऱ्यावर ड्रेको मॅल्फॉयने डंबलडोर यांच्या हातातून ती उडवली, आणि त्या क्षणी तिचा धनी ड्रेको झाला. त्याने तिला स्पर्शही केला नाही, आपण काय मिळवले हेही त्याला ठाऊक नव्हते. स्नेपने त्यानंतर डंबलडोर यांना मारले, पण तोवर छडी डंबलडोर यांची उरलीच नव्हती. पुढच्या वसंतात मॅल्फॉय वाड्यात झालेल्या झटापटीत हॅरीने ड्रेकोच्या हातातून त्याची स्वतःची हॉथॉर्नची छडी हिसकावून घेतली. ड्रेको हरला, आणि दूर थडग्यात पुरलेल्या छडीची निष्ठाही हॅरीकडे वळली. व्होल्डेमॉर्टने थडगे फोडून ती उचलली तेव्हा ती हॅरीची झालेली होती. नंतर श्रीकिंग शॅकमध्ये त्याने नागिनीकरवी स्नेपचा जीव घेतला, तो निव्वळ चुकीच्या माणसाचा.

शेवटच्या द्वंद्वात त्यामुळे छडीने आपल्या धन्याला मारले नाही. व्होल्डेमॉर्टचा प्राणघातक शाप आणि हॅरीचा एक्सपेलिआर्मस एकमेकांवर आदळले, छडी हवेतून हॅरीच्या हातात आली आणि शाप फेकणाऱ्यावर उलटला. हॅरीने इथे मारण्याचा मंत्र वापरलेला नाही. दुसऱ्या इयत्तेत शिकलेला, समोरच्याच्या हातातून छडी काढून घेणारा साधा मंत्रच त्याने वापरला.

एक अडचण मात्र खरी आहे. मालिकेभर शेकडो छड्या हातांतून उडतात, सरावातही उडतात. मग प्रत्येक वेळी मालकी बदलते का? छड्या बनवणारा ऑलिव्हँडर यावर मोजके बोलतो: हे नियम सूक्ष्म आहेत, आणि जिंकलेली छडी सहसा नव्या धन्यापुढे वाकते. ‘सहसा’ या शब्दावर सगळा भार आहे. खुद्द हॅरीही सभागृहात जर-तरच्या भाषेत बोलतो. आपल्याला हरवले गेले हे छडीला कळले असेल, तर तिचा धनी मी आहे, असा त्याचा दावा. मला ही त्रुटी वाटत नाही. खात्री नसताना हॅरी आपला जीव त्या तर्कावर ठेवतो, आणि त्या प्रसंगाचा ताण तिथेच आहे. जंगलात शाप लागल्याने हॅरी हरला, म्हणून छडी व्होल्डेमॉर्टकडे गेली नसेल का, या शंकेचे सरळ उत्तर पुस्तकात नाही. पण हॅरीने छडी उगारलीच नव्हती. जिथे झुंज नाही तिथे जिंकणेही नाही, असे म्हणता येते. त्यानंतर ‘मृतदेहा’वर व्होल्डेमॉर्टने यातनेचा शाप फेकला तेव्हा हॅरीला वेदना झाली नाही, हेही या बाजूने जाते.

डंबलडोर यांचा बेत. इथे दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत. शाप लागल्यानंतरच्या किंग्ज क्रॉसच्या प्रकरणात छडी स्नेपकडे जावी असा आपला हेतू होता हे डंबलडोर कबूल करतात. सभागृहात हॅरी सांगतो तो बेत वेगळा आहे: मृत्यू स्नेपशी आधीच ठरवून घेतलेला, म्हणजे डंबलडोर यांना कुणी हरवले असे झाले नसते आणि छडीची ताकद त्यांच्याबरोबरच संपली असती. दोन्ही जुळवायची तर एक वाट आहे. छडी वस्तू म्हणून स्नेपकडे राहावी, पण निष्ठा कुणाकडेच जाऊ नये. तिच्या मागावर येणाऱ्याच्या हाती नुसते लाकूड लागावे. मात्र अशाने स्नेपच्या जिवाला धोका होता, आणि तो तसाच गेला. डंबलडोर यांच्यावरचा हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. ड्रेकोचा तो एक मंत्र त्यांच्या हिशेबात नव्हता. सभागृहातल्या त्या शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘बेतातली खोट’ या अर्थाचे आहे, आणि खोट फक्त व्होल्डेमॉर्टच्या बेतात नव्हती.

किंग्ज क्रॉस. शाप लागल्यावर हॅरी जागा होतो ते लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकासारख्या दिसणाऱ्या, धुक्याने भरलेल्या जागी. बाकाखाली सोलवटलेले, विव्हळणारे, मुलासारखे काहीतरी पडलेले आहे. त्याच्यासाठी काही करता येणार नाही, एवढेच तिथे भेटलेले मृत डंबलडोर म्हणतात. ती व्होल्डेमॉर्टच्या विद्रूप झालेल्या आत्म्याची दशा आहे, आणि पश्चात्ताप केला नाही तर पुढे त्याचे काय होईल तेही तिथे दिसते. शेवटच्या झुंजीत हॅरी त्याला पश्चात्तापाची संधी देऊ पाहतो, त्याचे मूळ या दृश्यात आहे. ही भेट खरी की डोक्यातली, या प्रश्नावर रोलिंग मुद्दाम दोन्ही दारे उघडी ठेवतात. हॅरीला तिथे निवड मिळते, गाडी पकडावी किंवा परत यावे. नुसता भास असता तर निवडीला अर्थ उरला नसता, म्हणून मी ती खरी मानतो.

तलवार. ग्रिफिंडॉरची तलवार ग्रिपहूक या गॉब्लिनने ग्रिंगॉट्स बँकेत उचलून नेली, मग ती नेव्हिलच्या हाती कशी आली? ती त्याच्या डोक्यावरच्या त्याच जळत्या टोपीतून आली. गरज आणि धैर्य दोन्ही असलेल्या ग्रिफिंडॉरकराकडे ती येते, दुसऱ्या पुस्तकात हॅरीकडे आली तशी. बॅसिलिस्कचे विष तिने आधीच शोषून घेतलेले असल्याने तिचा घाव हॉरक्रक्सला पुरतो. नागिनीभोवतीचे संरक्षण हॅरी मेला असे समजून व्होल्डेमॉर्टने काढून टाकले होते, नाहीतर घाव बसलाच नसता.

चित्रपटाने केलेला बदल. फक्त पडद्यावर शेवट पाहिलेल्यांचा गोंधळ बराचसा इथला आहे. चित्रपटात दोघांच्या मंत्रांच्या झोतांची झुंज चालते, चौथ्या भागातल्या दफनभूमीसारखी. तिथे ती जुळ्या पिसांमुळे होती. दोन्ही छड्यांत फॉक्सचेच पीस होते. शेवटच्या द्वंद्वात दोघांच्या हातांत निराळ्याच छड्या आहेत, हॅरीची हॉलीची छडी गॉड्रिक्स हॉलोत मोडलेली आहे आणि जुळेपणाचा काही संबंध नाही. पुस्तकात हे सगळे भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते आणि व्होल्डेमॉर्टचा देह कोणत्याही माणसाच्या देहासारखा जमिनीवर पडतो. पडद्यावर तो राखेसारखा विरत जातो, अंगणात, कुणी पाहत नसताना. मला हे नुकसान मोठे वाटते. जो माणूस मृत्यू चुकवण्यासाठी आत्म्याचे तुकडे करतो, त्याचे प्रेत सगळ्यांना दिसायला हवे होते.

खडा, झगा आणि एल्डरची छडी या तिन्ही वस्तूंचे, म्हणजे पुस्तकाच्या नावातल्या ‘डेथली हॅलोज’चे, पुढे काय होते? मेलेल्यांना बोलावणारा खडा हॅरीने जंगलात टाकून दिला. शोधायला तो परत जाणार नाही. अदृश्य करणारा झगा तो जवळ ठेवतो. एल्डरची छडी चित्रपटात तो मोडून फेकतो. पुस्तकात तो आधी तिनेच आपली हॉलीची मोडकी छडी सांधतो आणि मग तिला डंबलडोर यांच्या थडग्यात परत ठेवायचे ठरवतो, म्हणजे आपल्याला कुणी न हरवता मरण आले की तिची ताकद संपेल.