बॉल पायथनचे रंगप्रकार
बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी अजगर आहे. हौशी पैदाशीत त्याचे अनेक आनुवंशिक रंगप्रकार जोपासले जातात. त्यांना 'मॉर्फ' म्हणतात.

'अल्बिनो' रंग अप्रभावी जनुकामुळे येतो. त्या जनुकाची एकच प्रत असलेला वाहक साप सर्वसाधारणच दिसतो. दोन वाहकांच्या संकरातून सरासरी २५% पिल्ले अल्बिनो निपजतात. उरलेल्यांपैकी प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता सुमारे ६६% असते. अशा पिल्लाची 'खात्रीचा वाहक' म्हणून विक्री करणे ही दिशाभूल ठरते. एक पालक अल्बिनो असेल, तर मात्र प्रत्येक पिल्लाला ते जनुक मिळतेच. अन्यथा खात्रीसाठी जनुकीय चाचणी किंवा पुढील पैदास आवश्यक असते.

'स्पायडर' या प्रकारात डोके डोलण्याचा व तोल जाण्याचा जन्मजात विकार आढळतो. रंगावरून तो कळत नसल्याने खरेदीदारास त्याची पूर्वकल्पना देणे आवश्यक ठरते.